पट्या आडव्या कर

मी मूळचा सांगलीचा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मीटरवर जे दिसत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. या सदरातले अनुभव वाचून मी बायकोजवळ भरपूर टिंगल केलीय... आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती माझी करतेय. करू दे.

ठिकाण – चेन्नईजवळचं ओरगडम, ट्रकचे सुटे भाग बनवणारा कारखाना. वेळ सकाळी अकराची, लख्ख उजेड. आमच्याकडे नॉर्वेहून थोड्या दिवसांसाठी एक ग्राइंडिंग मशीन आलं होतं – चाकांवरचं, ढकलत नेऊन फरशी घासायचं. तिकडे बऱ्याच ठिकाणी थ्री-फेज २३० व्होल्टचा असतो, आपल्याकडे ४१५. मोटर दोन्हींवर चालते, फक्त तिच्या वायरी जोडायच्या डबीतल्या तीन पितळी पट्ट्या फिरवाव्या लागतात. तिकडे उभ्या, आपल्याकडे आडव्या. उभ्या ठेवून आपला सप्लाय दिला की मोटर जळते, कधी डबीच फुटते.

मी बाहेरच्या प्लेटवर २३०/४०० वाचलं, ४०० म्हणजे आपलं ४१५ चालतंच, आणि फॉर्मवर ‘चेक्ड’ म्हणून सही ठोकली. डबी उघडलीच नाही. आळस, दुसरं काय!

आमच्या सुपरवायझरना सगळे रायर म्हणतात. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या इकडेच. माझ्याशी हौसेनं मराठी बोलतात, तमिळ हेलात. त्यांचा उजवा डोळा काचेचा आहे. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात अशीच डबी तोंडासमोर फुटली होती. तरी मोटर सुरू होताना वाकून, कान जवळ नेऊन आवाज ऐकायची सवय काही सुटली नाही.

त्या दिवशीही वाकले. माझा हात स्विचवर.

“आत पाहिलास नं?”

“हो, पाहिलं की.”

“मग स्क्रूवरला रंग अखंड कसा रे?”

कानशिलं तापली माझी. झाकणाच्या चारही स्क्रूंवर कंपनीचा रंग जसाच्या तसा होता, तो फोडूनच स्क्रू काढावे लागले. आणि खरं सांगतो, तेव्हाही मी मनात कुरकुरतच होतो – नट घट्ट आहेत एवढं बघायचं नि झाकण लावून टाकायचं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला होता. त्यावर बॉलपेनने, देवनागरीत – ‘पट्या आडव्या कर’.

पट्ट्या उभ्या होत्या.

अक्षर माझं होतं. माझा तो पोट फुगलेला ड... आणि एक ट खाल्लेला! पट्ट्या, चिठ्ठ्या – असल्या शब्दांतलं एक अक्षर मी शाळेपासून खातो, आई शिक्षिका असूनही.

“हे केव्हा लिहिलास?” रायर म्हणाले.

“मी नाही लिहिलं.”

“सरि, असू दे.” त्यांनी टेप सोलून खिशात ठेवली, पट्ट्या स्वतः आडव्या केल्या आणि पुन्हा तसेच वाकले. “आता दे.”

मोटर छान चालली. मी मात्र स्विचपाशीच उभा राहिलो. खोटं बोललो होतो, आणि ते त्या माणसाच्या उरलेल्या डोळ्याशी. लाज वाटली, फार वाटली.

नंतर मी नॉर्वेला मेल केला. उत्तर आलं – मशीन कंपनीतून आल्यापासून ती डबी कुणी उघडलेली नाही, आणि तिथे मराठी येणारं कुणीही नाही. मी कधी नॉर्वेला गेलेलो नाही. माझ्याकडे आजही याचं स्पष्टीकरण नाही.

दोन महिन्यांनी मशीन परत निघालं. पट्ट्या पुन्हा उभ्या केल्या. झाकण लावणार, तेवढ्यात रायरनी पिवळ्या टेपचा कोरा तुकडा पुढे केला.

“तेच लिही.”

“अहो रायर, काहीतरीच! तुम्हाला हे पटतं?”

“नाही पटत. पण न लिहिता काय होतं, ते मला बघायचं नाही.” त्यांनी डाव्या डोळ्याखाली बोट टेकवलं. “एकच आहे.”

मी लिहिलं. या वेळी शुद्ध लिहायचं म्हणून अगदी जपून... तरी एक ट राहिलाच. सुधारायला पेन टेकवलं, आणि मग तसंच राहू दिलं.