पिठलंआबांचा बर्गर

आमचे थोरले आबा परक्या घरी जेवायला बसले की ताटातली पुरणपोळी हळूच बाजूला सारायचे आणि पिठलं मागायचे. सोयरीक जुळवायला आलेला मुलीकडचा वडीलधारा माणूस, समोर तुपाची वाटी, कुरडया, भजी, सगळा थाट, आणि हा म्हणतोय, "घरात बेसन आसंल तर जरा पिठलं टाका." आतल्या बायकांची तारांबळ उडायची. कोळवण खोऱ्यात त्यांना सगळे पिठलंआबाच म्हणत. तरी कुणाच्या मुलीसाठी घर बघायचं असलं की जीपमध्ये पुढची सीट त्यांचीच.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. "पुरणपोळी समद्यांचीच ग्वाड आस्ती. तिच्यावरनं काय कळतंय? आपुन रोज खातो त्येच मागायचं. मंग मीठ कुटं कमी पडलं, कोण वाढतंय, कोण उपाशी हुबं हाय, समदं दिसतं." यामागे त्यांच्या धाकट्या बहिणीची गोष्ट होती. तिचं स्थळ पुरणपोळीवर भुलून ठरवलं, आणि वर्षभरात ती नुसती हाडं घेऊन माहेरी आली. आबा ही गोष्ट फारशी सांगत नसत. पिठलं मात्र कधी चुकवत नसत.

मी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी माझ्यावर त्यांचा एकच राग होता. काय वाढू म्हटलं की मी म्हणायची, "काहीही चालेल." आबा कपाळाला हात लावायचे. "शितले, 'काहीबी' नावाची भाजी कुटल्या वावरात पिकती गं?" यावर मी मान खाली घालून पुढ्यात येईल ते गिळायची. पुढे शिकले, हिंजवडीत नोकरी लागली आणि कंपनीने जर्मनीला पाठवलं, तेव्हाही मी सगळ्याला 'चालेल'च म्हणाले होते.

पण तिथे मी रुळले. मला तिथेच राहायचं होतं. इकडे अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर निकाल लावला: नोकरी सोड, दिवाळीला परत ये, स्थळ तयार आहे. मी रडले, पण 'येणार नाही' हे दोन शब्द काही तोंडातून फुटेनात. शेवटी अप्पाच म्हणाले, आबा येऊन बघून जातील, ते म्हणतील तसं. म्हणजे माझं सगळं आबांच्या जिभेवर आलं.

आबांनी तयारी मात्र जय्यत केली. व्हिसा, गरम कपडे वगैरे किरकोळ गोष्टी त्यांनी पोरांवर सोडल्या. स्वतः हिंजवडीला गेले आणि जगभर दुकानं असलेल्या एका बर्गरवाल्याकडे सलग दोन दिवस बर्गर आणि तळलेला बटाटा खाऊन आले. फोनवर मला म्हणाले, "त्येचं दुकान तुज्या गावात बी हाय म्हनं. बरं झालं. तुमच्याकडच्या बाकीच्या खाण्याची मला चव न्हाई, हेची आता जिभंवर बसलीया, तितं खाल्लं की फरक कळंल."

ते आले त्या दिवशी मी पुऱ्या, छोले, श्रीखंड असा बेत केला होता. आबांनी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये तू पाव्हण्यासाठी केलंस. चल, त्या बर्गरवाल्याकडं." मी किल्ला दाखवते म्हटलं. "तिकोना रोज दिसतोय दारातनं. किल्ले बघायला इमान कशाला पायजे?"

मग आठवडाभर आम्ही त्या एका शहरात त्याच कंपनीची वेगवेगळी दुकानं पालथी घातली. आबा टोपी नीट करून बाकड्यावर मांडी घालून बसायचे, बटाट्याची एक सळई तोंडात टाकून डोळे मिटायचे. आजूबाजूची पोरं खाणं थांबवून बघायची. "मीठ कमी. बटाटा बरा हाय." दुसरीकडे, "पाव कालचा." टोमॅटोच्या चटणीचे वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर मात्र ते गंभीर झाले. "जेवायला बसवून चटणी इकत्यात? आसल्या घरात मी पोरगी देणार न्हाई." हा माणूस थट्टा करत नव्हता.

गुरुवारी आम्ही दोघंही मांसाहार करत नाही, म्हणून दोन शाकाहारी बर्गर सांगितले. मी माझ्यात कांदा नको, तिखट सॉस जास्त, असंही सांगितलं. माझा आला तो चिकनचा, वर कांदा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, गडबडीत झालं, पण हाही चांगला लागतो. मी जर्मनमध्ये म्हटलं, मला हा नको, मी सांगितला तो हवा. तिने खांदे उडवले. मागे रांग वाढली, कुणीतरी नाराजीने खाकरलं. मी तिथेच उभी. शेवटी आतून मॅनेजर आला, त्याने माफी मागितली आणि दुसरा करून दिला. वळून बघते तर आबा खाणं सोडून माझ्याकडेच पाहत होते. बसल्यावर मी काय झालं ते सांगितलं, तर म्हणाले, "कांदा का नगं?"

"मला नाही आवडत."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

आबांनी माझ्या बर्गरचा वरचा पाव उचलून आत पाहिलं. मग माझ्या पुढ्यातला सॉस चाखून म्हणाले, "ह्येला तिखट म्हणत्यात व्हय?"

विमानतळावर मी धीर करून विचारलं, "अप्पांना काय सांगणार?" ते म्हणाले, "सांगतो, तितलं मीठ कमी हाय." एवढं बोलून आत गेले. घरी परतताना ट्रेनमध्ये मी रडले.

दोन दिवसांनी अप्पांचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता. म्हणाले, "आबा म्हणत्यात, खाणं आपल्याकडचंच बरं हाय. पण पोरगी तितं काय पायजे त्ये सांगती आन मिळंस्तवर जाग्यावरनं हालत न्हाई. हितं तिनं इतकी वर्सं कांदा गिळला, आन आपल्याला म्हाईत बी न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला."

आबा मागच्या वर्षी गेले. मला वेळेवर पोचता आलं नाही, आणि ते आजही सलतं.

या सुट्टीत चुलतबहिणीचं स्थळ बघायला मुठा गावाला जायचं होतं. जीपची पुढची सीट रिकामी ठेवून सगळे माझ्याकडे बघत होते. मी जाऊन बसले. त्या घरी मी परदेशातली म्हणून खास पुण्याहून बर्गर मागवले होते. मी ते बाजूला सारले आणि पिठलं मागितलं. घरची थोरली सून लगबगीने उठली. "तिखट करू का बेताचं?"

"तुम्हाला कसं आवडतं?" मी विचारलं.

तिने सासूकडे पाहिलं.

"मला झणझणीत," ती म्हणाली, "पण आत्याबायना सोसत न्हाई, म्हणून दोन कढया करते."

"आन माजं आळणी म्हणून मलाच नावं ठेवती!" सासू तिथूनच ओरडली.

मी अप्पांना म्हटलं, "पोरगी द्या."