धोंडूची तुला

पुण्याहून निघताना पिशवीत दोन गोष्टी आवर्जून घेतल्या होत्या: बदाम आणि माझं ठाम मत. मी शाळेत व्यायाम शिकवतो, वाढलो तालमीत, आणि माणसाचं शरीर दूध-तुपावर उभं राहतं याविषयी मला कधी शंका आली नाही. ओळखीतले एक संपादक आरोग्यावर मासिक काढतात. त्यांना ‘शर्यतीच्या घोडेस्वारांचा आहार व व्यायाम’ असा लेख हवा होता. मुंबईच्या एका शेटजींचे घोडे खालापूरकडे त्यांच्या बंगल्यावर असतात, त्यांचा स्वारही तिथल्याच गावचा आहे, आठवडाभर राहा आणि लिहा, असं संपादकांनी फर्मावलं. दिवाळीची सुट्टी अजून शिल्लक होती. फुकटचा हवापालट कोण सोडतो? मी निघालो.

खंडाळ्याला अंगावर शाल होती, कर्जतला उतरलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. घाट चढवायला मागून लावायची इंजिनं फलाटापलीकडे धापा टाकत उभी होती. पायऱ्यांशी एक ठाकरीण टोपलीत उकडलेले करांदे (रानातले कंद) घेऊन बसली होती. मी एक तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं.

“कडू लागतंय गं.”

“कडू हाय म्हनून तर पोटाला बरा. खा रं दादा, दुसरा गोड लागंल.”

दुसराही कडूच होता, पण तिच्या बोलण्यात इतकी खात्री होती की मी तिसरा मागून घेतला. मग खोपोलीची छोटी गाडी आणि पुढे बैलगाडी. दोन्ही अंगांना भात कापून आडवं पडलं होतं, खळ्यांवर झोडणी चालली होती, सगळ्या रस्त्याला नव्या पेंढ्याचा वास होता. एका ओढ्यात चाक दगडावरून घसरलं आणि माझी पिशवी पाण्यात गेली. गाडीवान हसून म्हणाला, “मास्तर, गेलं का काय मोलाचं?” मी म्हटलं, “बदाम आहेत. भिजवायचेच होते.”

बंगल्यामागे तबेला होता आणि तबेल्यामागे घोड्यांच्या लिदीचा मोठा ढीग. ढिगातून वाफ निघत होती. ढिगाच्या वर माणसाचं डोकं होतं. मी जागच्या जागी थांबलो. डोकं माझ्याकडे वळलं.

“मास्तर, पाया पडलो असतो. पन हात आत हायत.”

हाच धोंडू, ज्याच्या आहारावर मला लेख लिहायचा होता. लतीफ नावाचा उतारवयाचा मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) फावड्याने त्याच्या गळ्यापर्यंत ऊन ऊन लीद ओढत होता. लिदीची ऊब आतून कढत असते, तिच्यात बसलं की घाम निथळतो आणि वजन उतरतं. येत्या शनिवारी मुंबईच्या शर्यतीत शेटजींची एक घोडी धावणार होती. प्रत्येक घोड्याने पाठीवर किती वजन न्यायचं ते शर्यतवाले ठरवून देतात. या घोडीला फार हलकं वजन मिळालं होतं, म्हणजे जिंकायची संधी होती. मात्र खोगिरासकट धोंडू त्या वजनात बसायला हवा होता. नाही बसला तर घोडी दुसऱ्याला मिळणार आणि धोंडू परत लीद उचलायला. शेटजींनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

बाहेर आला तेव्हा मी त्याला नीट पाहिलं. पंचविशीचा, उंच हाडापेराचा माणूस. हे हाड मुळात स्वाराचं नव्हतंच. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा, गालफडं बसलेली, ओठांना चिरा पडलेल्या. मांड्या मात्र अजून दोरखंडासारख्या होत्या. खोगिराच्या खोलीत भिंतीला शिशाच्या पट्ट्या टांगल्या होत्या. या कशाला, म्हणून मी विचारलं.

“स्वार हलका पडला तर खोगिरात शिसं घालत्यात,” तो म्हणाला. “हलक्याला जड करता येतं, मास्तर. जडाला कापता येत नाय.”

संध्याकाळी मी आहाराची टिपणं घेतली. हरभरा भिजवलेला, जव भरडलेले, शिजवलेला जवस, गूळ, गाजरं, वर हिरवा लुसलुशीत घास. हे सगळं घोडीचं. धोंडूचा आहार लिहायला एक ओळ पुरली: सकाळी कोरा चहा, दुपारी उकडलेल्या अंड्यातलं पांढरं, आणि एरंडेल. तहान लागली की चिंच चोखायची आणि तोंडाला सुटलेलं पाणी थुंकून टाकायचं. थुंकीलासुद्धा वजन असतं म्हणे! माझं डोकं फिरलं. मी त्याला दुधावर, बदामावर, स्नायूंवर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. त्याने ते शांतपणे ऐकलं.

“बदाम लई चांगलं असत्यात का, मास्तर?”

“घे की.”

त्याने एक घेतला, नाकाशी धरला, वास घेतला आणि घोडीपुढे केला. घोडीने खाल्ला.

माझं जेवण गावात त्याच्या आईकडे ठरलं होतं. भागाबाई सुकलेल्या खारकेसारखी होती, पण हाताला उसंत नव्हती. तिने नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी वाढली. मी पुरे म्हटलं तरी तिचा हात थांबेना.

“खा वो मास्तर. वाढायला कुनीतरी पायजे. आमचा धोंडू नुसता बघून उठतो.”

धोंडूच्या आधीची तिची मुलं तान्हेपणीच गेली. म्हणून याचं नाव धोंडू ठेवलं, दगडधोंड्याला कुणाची दृष्ट लागत नाही. आणि गावदेवीला नवस केला: पोर जगलं तर त्याचं लग्न होईपर्यंत दरसाल नव्या तांदळाने त्याची तुला करीन, आणि तेवढा भात गावाला जेवू घालीन. लहानपणी तुला दरसाल वाढत गेली. धोंडू शर्यतीच्या घोड्यावर बसू लागला आणि एका वर्षी पारडं वर राहिलं, तांदूळ आधीपेक्षा कमी लागला. गाव कुजबुजलं, देवीनं हात आखडला. भागाबाईने त्या वर्षी कितीतरी दिवस अन्न तोंडात घेतलं नाही.

“मंग गेल्या साली बराबर झालं,” ती म्हणाली. “यंदाची तीन दिसांनी हाय. तुमी या बघायला.”

पुढले दोन दिवस मी त्याची मेहनत पाहिली. ऊन चढलं की अंगावर दोन कांबळी, वर रबराचा कोट चढवून तो खालापूरच्या रस्त्याने पळत जाई. मागून टांगा घेऊन लतीफ, पडला तर उचलायला. रस्त्याकडेला भात झोडणारे लोक थांबून बघत. कुणी म्हणे, “धोंड्या, थंडी वाजती काय रं?” तोही काहीतरी उलट उत्तर देई. परत आला की कोट काढायचा आणि आतून पाणी ओतल्यासारखा घाम पडायचा. एकदा मी त्याची नाडी धरली आणि घाबरून सोडली. इतकी वर्षं मुलांना जोर-बैठका शिकवतोय, पण माणूस स्वतःच्या शरीराशी असा दावा मांडतो हे मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “सोड हे. मरशील.”

“सोडून काय करू? लाकडाच्या वखारीत भारा उचलू? घोडीवर बसलो का मास्तर, मी कुनीतरी असतो.” त्याचे डोळे खोल होते, पण हे बोलताना चमकले.

तुलेच्या दिवशी गावदेवीपुढच्या आंब्याच्या फांदीला भातगिरणीतली मोठी तागडी (तराजू) टांगली होती. सगळं गाव जमलं होतं. ऊन कडक, तरी धोंडू जाड कोट घालून आला. तो पारड्यात बसला आणि मला एक बद्द आवाज ऐकू आला, कापडात गुंडाळलेलं काही लाकडावर टेकावं तसा. मी लतीफकडे पाहिलं. लतीफ खाली जमिनीकडे बघत होता. मग माझ्या लक्षात आलं. खोगिराच्या खोलीतल्या शिशाच्या पट्ट्या धोंडूच्या कमरेला होत्या.

दुसऱ्या पारड्यात तांदूळ ओतायचा मान आईचाच. भागाबाई सुपाने ओतत गेली. पारडी बरोबरीला येईनात. ती आणखी ओतत गेली. अखेर काटा सरळ झाला आणि गुरव ओरडला, “गेल्या सालापरीस भारी!” बायकांनी आनंदाने गलका केला. भागाबाईने लेकाच्या तोंडावरून हात उतरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्या म्हातारीच्या तोंडावरचं समाधान मोडायची माझी छाती झाली नाही.

तो तांदूळ तिथेच चुलाण्यावर शिजला. पंगत बसली. रीत अशी की ज्याची तुला झाली त्याने पहिला घास घ्यायचा, मग गावाने. पानांवर वाफाळता भात, वर तूप, आणि सगळे हात आवरून धोंडूकडे बघत बसलेले. त्याने घास तोंडात घातला. फार वेळ चावला. मान खाली घालून, डोळे मिटून चावत राहिला, आणि शेवटी गिळला. गाव जेवायला लागलं. थोड्या वेळाने तो उठला आणि देवळामागे गेला. मी मागोमाग गेलो तर तो करवंदीच्या जाळीशी वाकला होता, घशात बोटं घातलेली.

“अरे, देवीचा घास!” मी ओरडलोच.

त्याने तोंड पुसलं. “देवीला ठाव हाय. काट्याला देव कळत नाय, मास्तर.” मग दम घेऊन म्हणाला, “माझ्या आयला सांगू नका. शनवार होऊ द्या. रईवारी तुमी आन मी एका पंगतीला बसू. ह्याच तांदळातला माझा वाटा ठेव म्हनून सांगितलंय तिला. तुमी जाऊ नका तवर.”

म्हणून मी राहिलो.

दुसऱ्या दिवशी घोडी मोटारलॉरीत चढली, मागून धोंडू. त्याचा पाय फळीवर ठरेना. लतीफने काखेत हात घालून त्याला वर घेतलं आणि सहज थट्टा केल्यासारखं म्हणाला, “आज तो घोडी उठावेगी तेरेको.” लॉरीतून धोंडूने मला हात केला.

शनिवारी भागाबाई दिवसभर अंगण सारवत होती. मध्येच तिने विचारलं, “मास्तर, किती येळ पळत्यात वो घोडी?”

“दोन-तीन मिनिटं.”

ती सारवता सारवता थांबली. “येवड्यासाटी?”

रविवारी सकाळी तिने चुलीवर आधण ठेवलं होतं. लॉरीचा आवाज आला तशी ती दारात आली. लॉरी वळणावरच थांबली. लतीफ उतरला, पण पुढे येईना. मीच गेलो.

“घोडी पहली आयी, मास्टरजी,” तो म्हणाला. “जितल्यावर परत वजन करतात ना, तो खुर्चीच्या काट्यावर बसला. साहेब बोलला, बराबर है, उठो. तो उठलाच नाय.”

लॉरीत घोडीसाठी अंथरलेल्या पेंढ्यावर धोंडू होता. शेटजींनी एक कोरी चादर दिली होती.

भागाबाई रडली नाही. ती त्याच्या पायाशी बसून राहिली आणि त्याच्या पावलांवरचा पेंढा एकेक काडी करून काढत राहिली. गावाने तिरडी बांधली. चौघांनी उचलली, तेव्हा पुढच्यातला एकजण पटकन बोलून गेला, “आरं, हलका हाय. पोरासारका.”

ते तिने ऐकलं. “ठेवा खाली,” ती म्हणाली. आत गेली, भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि जुन्या फडक्यात बांधलेलं गाठोडं काढून आणलं. शिशाच्या पट्ट्या होत्या. तुलेनंतर त्याने तिथे लपवल्या होत्या. एकेक पट्टी तिने चादरीखाली त्याच्या कमरेशी नीट लावली.

“मला ठाव होतं,” ती कुणाकडेच न बघता म्हणाली. “गेल्या सालीबी ठाव होतं. मी म्हटलं, निदान तागडीत तरी पोर भरल्यावानी दिसू दे.” मग लोकांकडे वळून, “उचला आता. हलका म्हनून नेऊ नका माझ्या पोराला.”

शिसं शेटजींचं होतं. तरी पहिला खांदा लतीफनेच दिला. दुसरा मी. ओढ्यापाशी पोचेपर्यंत आम्हाला खांदे बदलावे लागले.

निघायच्या दिवशी भागाबाईने एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. त्याच्या वाट्याचा तांदूळ होता. “तुमी बसनार होता ना त्याच्यासंगं,” एवढंच म्हणाली. कर्जतच्या फलाटावर तीच ठाकरीण करांदे घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं, हसली. गाडी घाट चढू लागली तेव्हा खाली सगळी शेतं मोकळी झाली होती, भात घरोघर गेलं होतं.

संपादकांना मी सांगितलं की घोडेस्वारांच्या आहारावर लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. त्यांना ते पटलं नाही, रागावले. शाळेत मुलं जोर काढतात, घाम पुसतात, आणि मी पूर्वीसारखाच त्यांच्यावर ओरडतो. पण मधल्या सुट्टीत एखादा पोरगा डबा न उघडता खेळायला पळाला तर मी त्याला धरून परत बसवतो. त्याला वाटतं मास्तर विनाकारण खेकसले.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी त्या तांदळाचा भात घरी केला. बायकोने वर तूप वाढलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी पान स्वच्छ केलं, शीत ठेवलं नाही. पहिला घास गिळायला मात्र फार वेळ लागला.