पोळ्याच्या रंगाखालचा आवाज

आवाज बंद झाला तव्हाच मी भ्याले.

दीड महिना तो कट-कट आवाज माझ्या मागं लागल्याला, त्याला शिव्या देत देत मी रोज सायकल मारायचे, आन् कालव्याच्या पुलाच्या उतारावर तो एकदम गप झाला. माझी सहा वर्षाची पोरगी मागं कॅरेजवर बसल्याली. तिच्या मागून उसाचा ट्रॅक्टर येऊन राह्यला व्हता, दोन ट्राल्या भरून, त्याचं गाणं मोठ्यानं चालू. मला वाटलं पोरगी पडली, म्हणून आवाज थांबला. मागं हात घातला तं तिचा पाय हाताला लागला. हाये, बसल्याली हाये. मंग आवाज कुठं गेला? इतकं मनात येतंय न येतंय तं सायकल माझ्या बुडाखाली मोडक्या बाजंवाणी खचली. मागचं चाक एका अंगाला कललं, दांडीला घासाय लागलं, हँडल इकडून तिकडं. मी पाय टेकवले, चप्पल घासत गेली, एका हातानं पोरीचा दंड धरला आन् सायकल सोडून दिली. आम्ही दोघी कडंच्या खडीत जाऊन पडलो. ट्रॅक्टर हॉर्न देत देत निघून गेला, उसाचं पाचट माझ्या तोंडाला घासून गेलं इतक्या जवळून.

पोरीच्या गुडघ्याचं सालटं निघाल्तं. ती रडली बी न्हाई. म्हणली, "मम्मी, माझा डबा कुठं गेला?"

मीच रडले. भ्याले व्हतेच, पण भ्यायच्या वर राग आल्ता. कारण मी सांगत व्हते. दीड महिन्यापासून सगळ्यायला सांगत व्हते.

आम्ही अंकुशनगरच्या अलीकडं शेतातल्या वस्तीवर राहतो. पोरीची शाळा गावात, कालव्याच्या पल्याड, पायी गेलं तं तिच्या पावलानं तासाच्या वर वेळ लागतो. नवरा मोटरसायकल घेऊन सकाळीच कारखान्यावर जातो. घरात दुसरी गाडी म्हंजे सासऱ्याची जुनी सायकल. सासऱ्याला मी मामा म्हणते. मामाला ती सायकल म्हंजे घरातला तिसरा बैल. पोळ्याला बैलायची शिंगं रंगवून झाली की डब्यात जेवढा ऑइलपेंट उरंल तेवढा ते सायकलीला देतात. शिंगं लाल तं सायकल लाल, शिंगं निळी तं सायकल निळी. तिला बी कुंकू, तिला बी निवद. लग्न होऊन आले तव्हा मला मोठी गंमत वाटायची त्याची. अवंदा निळा व्हता.

मी आठवीपस्तोर शिकले, मंग लगीन झालं, पण सायकल मला बराबर येती. माहेरून शाळंला सायकलवरच जायचे. म्हणून पोरगी पहिलीत गेली तव्हा मीच म्हणलं, मी सोडीत जाईन.

दिवाळीच्या सुट्ट्या सरल्या आन् आवाज सुरू झाला. कट. मंग थोडं गप. मंग कट-कट. मी मामाला सांगितलं.

"कसला आवाज?" ते बाजंवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत व्हते. "चाळीस वर्षं चालवली मी. कारखान्याला रोज जायचो. एक शबूद बोलली न्हाई कधी."

"मामा, आता बोलून राह्यली ना."

"तुला पाहून बोलत असंल. बाया बाया भेटल्या."

नवरा हसला. मी न्हाई हसले.

मंग मीच शोधाय लागले. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आन् एकेका भागाचं तोंड बांधलं. पहिल्या दिवशी मडगार्ड बांधलं. आवाज आला. दुसऱ्या दिवशी स्टँड करकचून आवळला. आला. घंटी काढून घरी ठेवली, चैनकव्हरमधी कपडा कोंबला, कॅरेजच्या सळयायला जुनी ट्यूब गुंडाळली. तरी बी आला. सायकल अशी दिसाय लागली जशी काही हाडं मोडून दवाखान्यातून आली. शाळंपशी बाया विचारायच्या, "काय गं, सायकलीला बाधा झाली का?" मी बी म्हणायचे, "व्हय, उतारा कोण काढतं का पाह्यते."

नवऱ्याला म्हणलं, एक डाव तुम्ही चालवून पाहा. त्यानं अंगणात दोन चकरा मारल्या. आवाज न्हाई! मामानं चालवली. न्हाई! "झालं समाधान?" मामा म्हणले. मला स्वतःचाच संशय याय लागला, माझ्याच कानात काही झालं का काय.

शोधलं ते पोरीनं. पुलाच्या चढावर मी तिला रोज उतरवायचे आन् सायकल ढकलायचे. एक दिवस ती म्हणली, "मम्मी, मी खाली असले की ती बोलत न्हाई. मी बसले की बोलती." मी तिला बसवलं, ढकललं. कट. उतरवलं, ढकललं. गप. परत बसवलं. कट. त्या चढावर आम्ही तेच करीत बसलो, शाळंची घंटा होऊन गेली तरी. वजन मागं आलं की आवाज यायचा. अंगणातल्या चकरायला मागं कुणी बसल्यालंच नसायचं.

तशीच गावातल्या सायकलवाल्याकडं गेले. त्यानं काय केलं? सायकल उलटी केली, सीट आन् हँडलवर उभी, आन् चाक फिरवलं. चाक सळसळ फिरलं.

"कुठंय आवाज, वहिनी?"

"अहो, पोरगी बसल्यावर येतो. तिला बसवून पाहा ना."

"आवाज पोरगी बसल्यावर येतो तं मंग तेल पोरीलाच द्या." दुकानात बसल्याले दोघं-तिघं हसले. त्यानं चैनीला तेल सोडलं आन् दुसऱ्याचं पंक्चर काढाय घेतलं. सायकल सरळ करून पोरीला बसवायला त्याला कितीक वेळ लागला असता? पण बाईमाणूस सांगून राह्यलं ना. कशाला बसवायचं?

घरी सांगितलं तं नवरा म्हणला, "त्यानं पाह्यलं ना? मंग झालं की." त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुलाच्या उतारावर पडलो.

मागचं चाक उचलून धरून, सायकल ओढत ओढत मी वस्तीवर आणली. एका हातात सायकल, पदराला धरून पोरगी, तिच्या गुडघ्यावर माझा रुमाल. मामा अंगणातच व्हते. त्यायनी आधी सायकलीकडं पाह्यलं. आधी सायकलीकडं! मंग पोरीकडं.

"मोडली?" म्हणले. "पळवली असंल."

मी पोरीला सासूबाईकडं दिलं, चुलीपासचं उलतनं आणलं आन् खाली बसले. पायडलापासून मागच्या चाकापस्तोर जी दांडी जाती ती तुटल्ती, आन् तुटल्याल्या जागी रंगाचे पोपडे उठल्ते. मी खरवडाय लागले. निळा निघाला. निळ्याखाली लाल. लालाखाली हिरवा, मंग पिवळा, मंग परत लाल. मामा म्हणून राह्यले, "काय करू राह्यली? रंग कशाला काढू राह्यली?" मी थांबले न्हाई. सगळ्या पोळ्यायच्या खाली पितळीवाणी एक गाठ निघाली. जोड. कुण्या काळी कुणीतरी तिथंच जोडल्याली दांडी. ती जुन्या जोडावरच परत तुटल्ती.

नवरा तोपस्तोर फोन लावून बोलावल्याला आल्ता. तो वाकून पाहाय लागला.

"मामा, ही आधी बी तुटल्ती?" मी विचारलं.

"लई जुनी गोष्ट हाये ती."

"किती जुनी?"

मामानं सुपारीची चंची उघडली, बंद केली. आतून सासूबाई बोलल्या, पोरीच्या गुडघ्याला हळद लावता लावता, "सांगा की आता. पोराची हनुवटी कशानं फुटल्ती ते सांगा."

माझ्या नवऱ्याच्या हनुवटीवर एक खूण हाये. मला लग्नापासून सांगितल्यालं की लहानपणी चिंचंवरून पडला. त्याला सुद्धा तेच सांगितल्यालं. त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"शाळंतच नेऊन राह्यलो व्हतो ह्याला," मामा हळूच म्हणले. "मागं बसवून. काही झालं का? हाये ना धडधाकट. जोडून आणली, रंग दिला. माणसं हसली असती." मंग एकदम आवाज चढवला, "त्या जोडावर बी इतकी वर्षं टिकली ना ती?"

माहीत व्हतं. मामाला माहीत व्हतं, सासूबाईला माहीत व्हतं, आन् मी दीड महिना चिंध्या बांधत हिंडले आन् मामा बाजंवरून पाहत बसले. सासूबाईला मी तव्हाच विचारलं, तुम्ही तरी का न्हाई बोललात? त्या म्हणल्या, "मला वाटलं दुसरीकडूनच आवाज येत असंल." त्यायच्यावर चिडू तरी किती? पोरीचा गुडघा त्यायच्याच मांडीवर व्हता.

मला वाटलं आता तरी ती सायकल भंगारात जाईल. चार दिवसायनी मामा वेल्डिंग करून घेऊन आले. पोळ्याच्या डब्यात तळाला उरल्याला निळा रंग त्यायनी रॉकेल घालून पातळ केला आन् सगळं एकसारखं करून टाकलं. जोड कुठंय ते मला बी सापडंना. वरून कुंकू लावलं.

"बसव तिला," मला म्हणले. "आता आवाज आला तं सांग."

मी पोरीला न्हाई बसवलं. ज्वारीचं पोतं तिच्या वजनाइतकं भरलं, कॅरेजला बांधलं आन् अंगणात फिरवलं. दहा चकरा. नवरा बसून आयकून राह्यला, मामा उभं राहून. आवाज न्हाई. बिलकुल न्हाई.

"पाह्यलं?" मामा म्हणले. त्यायचा चेहरा असा खुलला की मला वाईट वाटलं त्यायचं, खोटं कशाला बोलू.

पण त्या उतारावर बी आवाज बंदच झाल्ता ना. तो कट-कट करत व्हता तव्हा तो एकटाच खरं बोलत व्हता त्या घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल अंगणात पुसून उभी केल्याली. मी पोरीचं दप्तर खांद्याला अडकवलं, तिचं बोट धरलं आन् सायकलीच्या बाजूनं पायी निघाले. पोरगी मागं वळून म्हणली, "मम्मी, आजोबा पाहून राह्यले." पाहू दे म्हणलं. तव्हापासून मामा माझ्याशी बोलत न्हाईत. नवरा म्हणतो, एकदा बसवली असती तं म्हाताऱ्याचं मन राह्यलं असतं, पोरीचा बी येवढा पाय दुखला नसता. रोज चालून ती शाळंत झोपती, बाई सांगत व्हत्या.

तुम्ही सांगा, वेल्डिंगवाल्यावर भरोसा ठेवून, मामाच्या तोंडाकडं पाहून, तुमची पोरगी तुम्ही त्या कॅरेजवर बसवली असती का?