कर्दमासुर करून दाखव ना!

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सायकली साठतात ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. भाडेकरू घर सोडून जातो, सायकल तिथेच! कुणाची, कधीची, काही पत्ता नसतो. किस्स्यांचं मात्र तसं नाही. मालक कोण ते सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. बहुतेक वेळा मीच.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मी आणि सुबोध हेगजवळ रायस्वाइकला, एकाच गल्लीत, दोघंही आयटीत. केतकी अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला. ती पीएचडी करायला आली आणि इथलीच झाली. गिरीश तिकडे दक्षिणेला, बेस्ट नावाच्या गावात, मशीन डिझाइनमध्ये. विषय तीनच : कॉमिक्स, पिक्चर आणि लहानपणीचा टीव्ही. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि घसा बसेपर्यंत भांडायचं. चाळिशीतली माणसं आम्ही! पुण्याहून बाबांचा फोन आला की मी सांगतो, "बुक क्लब आहे." खरं सांगायची अजून हिंमत होत नाही.

गेले काही महिने गिरीश येत नाही. फोनवरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलाय. आणि ते माझ्यामुळे झालंय. तो परत यावा म्हणून मी काय काय केलं ते शेवटी सांगतो. आधी बाकीची लाज काढून घेतो, म्हणजे तुम्हाला माझा स्वभाव कळेल.

*

हेगला कॉमिक्सचं एक झकास दुकान आहे. तिथे सत्तरीचे आजोबा आजींना घेऊन येतात, उघडपणे पानं चाळतात, कॉफी पितात. कुणाला काही वाटत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र माझे कान गरम झालेले! काउंटरवर मोठ्यांच्या कॉमिक्सचा जाडजूड अल्बम ठेवला आणि दुकानदाराने काही विचारायच्या आत बोलून गेलो, "मुलीसाठी हवंय."

"किती वर्षांची?"

का कोण जाणे, तोंडातून निघालं, "सात."

दुकानदाराने अल्बम माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "हे सात वर्षांच्या मुलीला? नको नको!" आणि सशाचं एक कॉमिक दिलं. गुलाबी ससा. गाजरं पेरतो. आता नाही कसं म्हणणार? घेतलं. पुढच्या वेळी तो मला बघूनच ससा भाग दोन घेऊन आला. माझ्याकडे सशाचा अख्खा सेट आहे!

एकदा इराला, म्हणजे माझ्या मुलीला, बरोबर नेलं. ती अकरा वर्षांची. दुकानदार खूश. तिला म्हणाला, "अरे वा, तू मोठी का? आणि धाकटी कशी आहे? ससा आवडतो ना तिला?"

मी म्हणालो, "खूप."

घरी आलो, पानं वाढली, आणि मग इराने सायलीला, म्हणजे तिच्या आईला, शांतपणे इंग्रजीत सांगितलं, "बाबाला अजून एक मुलगी आहे."

सायलीने डाव खाली ठेवला. पुढचं विचारू नका.

*

केतकी आणि मी एकदा अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने रायस्वाइकला येत होतो. वाद असा, की सुपरहिरोला केप हवी की नको. माझं मत, केप नसेल तर तो हिरो नाही, जिममधून आलेला इन्स्ट्रक्टर आहे! केतकी म्हणे, केप कशाततरी अडकणार, मूर्खपणा आहे. वाद तापला की आमचं मराठी संपतं आणि इंग्रजी सुरू होतं. आवाजही त्याच हिशोबाने चढतो.

समोरच्या बाईंनी पुस्तक मिटलं आणि बोट वर केलं. खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं : शांतता. आम्ही सायलेंट डब्यात बसलो होतो. सगळा डबा आमच्याकडे बघत होता! मी तर मेल्याहून मेल्यासारखा झालो. पुढचा प्रवास आम्ही दोघांनी शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा काढला.

बाई आमच्या आधी उतरल्या. उतरताना केतकीच्या खांद्यावर हात ठेवून कुजबुजल्या, "तुझंच बरोबर आहे. केप नकोच."

*

केतकीचाच आणखी एक. ती जपानी कॉमिक्सची भक्त. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कळत नाही असं म्हणायला जीभ रेटली पाहिजे ना! तिने मला एक पुस्तक वाचायला दिलं. पुढच्या रविवारी मी चहाचा कप हातात धरून व्याख्यानच दिलं. "काय धाडस आहे लेखकाचं! पहिल्याच पानावर हिरोचा अंत्यसंस्कार! मग युद्ध, मग युद्धाची तयारी... काळ उलटा फिरवलाय. आपल्याकडे जमेल का कुणाला?"

केतकीने मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "आणि शेवट कसा वाटला?"

"शेवट तर फारच सूचक. सगळे शाळेत भेटतात आणि एकमेकांना नावं विचारतात."

"मंदार," ती म्हणाली, "जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात."

सुबोध हसून हसून सोफ्यावरून खाली आला. गिरीश नाही हसला. तो म्हणाला, "पण उलटं वाचूनही आवडलं म्हणजे पुस्तक चांगलंच असणार." असा माणूस! मला त्या वेळी त्याचं कौतुक वाटलं नाही. वाटलं, ह्याला विनोदच कळत नाही.

*

आता कर्दमासुर.

आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर 'गगनरक्षक' ही मालिका लागायची. चंदेरी पँटवाला हिरो, अंतराळयान, आणि दलदलीतून वर येणारा राक्षस कर्दमासुर. अंगभर काथ्या आणि चिखल. एक पाय फरपटत यायचा, हात वर करायचा आणि गुरगुरायचा, "सगळं गिळीन!" मी तर उशीमागे लपायचो.

इथे आल्यावर रायस्वाइकच्या गणपतीत कधीतरी मी बाथरूममधली पायपुसणी खांद्यावर टाकून कर्दमासुर करून दाखवला. झालं! तेव्हापासून गणपती असो, दिवाळी असो, कुणाचं बारसं असो, "मंदार, कर्दमासुर करून दाखव ना!" उजवा पाय फरपटत मी हॉलभर फिरतो. ज्या पोरांना धड मराठी बोलता येत नाही, तीसुद्धा "सगळं गिळीन" बोलतात. इतकी वर्षं माझी इज्जत त्या एका पायावर उभी आहे!

गिरीश तेव्हा कधी हसला नाही. माझा कर्दमासुर सुरू झाला की तो उठायचा आणि आत जाऊन कप विसळायचा. दर वेळी. मी म्हणायचो, शिस्तीचा माणूस आहे. त्याचे वडील पूर्वी टीव्हीत होते असं एकदा बोलण्यात आलं होतं. मी लगेच उडी मारली, "काय करायचे रे?" तर म्हणाला, "टेक्निकल." आणि विषय मिटवला.

*

मग सुबोधला 'गगनरक्षक'चे काही भाग इंटरनेटवर सापडले. केतकीकडे डीमनला मोठा टीव्ही, म्हणून तिथे जमायचं ठरलं. पोरांनाही नेलं. कारण गेली कित्येक वर्षं मी इराला ऐकवतोय, "तुमचे हल्लीचे पिक्चर म्हणजे सगळं कॉम्प्युटरवर! आमच्या वेळी बघायला हवं होतंस. काय भव्य होतं!"

भाग सुरू झाला. अंतराळयान आलं. ते इडलीपात्र होतं! झाकणासकट. ज्या दोरीला टांगलं होतं ती दोरीही दिसत होती. ग्रहावरचे डोंगर म्हणजे गोधड्या होत्या. एकीची झालर स्पष्ट ओळखू येत होती.

पोरं हसली असती तर परवडलं असतं. ती गप्प बसली, पाहुण्यांकडे खारट आमटी खाताना बसतात तशी. शेवटी इराने हळूच विचारलं, "बाबा, हे मुद्दाम असं केलंय का?"

एवढ्यात कर्दमासुर आला. आणि वळला. सुबोधचा मुलगा ओरडला, "पाठीवर चेन आहे!"

लाजेने मला घाम फुटला हो! ज्याच्या जिवावर मी इतकी वर्षं फुशारक्या मारल्या, त्याच्या पाठीवर चेन! मग मी तेच केलं जे मी नेहमी करतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणालो, "ह्याच्या आत कोण असेल रे? ज्याला माणसाचं काम द्यायला कुणी तयार नव्हतं, असा कुणीतरी! चहा-वडापाववर धरून आणला असेल बिचाऱ्याला. आणि चालतोय बघा, पायात गोळा आल्यासारखा!"

सगळे हसले. पोरंसुद्धा. मला हायसं वाटलं.

गिरीशने कोट घातला. "माझी गाडी सुटेल," म्हणाला आणि गेला. बेस्टला जायला गाड्यांची काही वानवा नाही. त्या संध्याकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडला.

*

मी मेसेज केला, "काय झालं रे?" निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. केतकीला फोन केला. ती म्हणाली, "तू काहीतरी बोललायस."

"काय पण?"

"ते तुला कळत नाही हाच प्रॉब्लेम आहे."

"तुला कळलंय का?"

"नाही," ती म्हणाली, "पण तूच असणार."

मग मी गिरीशला लांबलचक मेसेज लिहिला. जे काही बोललो असेन त्याबद्दल मनापासून सॉरी. सायलीने वाचला आणि म्हणाली, "'जे काही'ची माफी असते का रे कधी? म्हणजे काय केलंय ते माहीत नाही, पण सुटका हवी!" तरीही मी पाठवला. परत निळ्या टिक.

मला त्याची आठवण यायची, हे कबूल करायलाही लाज वाटते. रविवारी मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि सवयीने त्याच्या खुर्चीकडे बघायचो. माझ्या मूर्खपणातसुद्धा काहीतरी बरं शोधणारा तो एकटाच होता आमच्यात.

*

आणि मग मागच्या आठवड्यात त्याच्या नंबरवरून फोन आला. मी धडपडत उचलला. पलीकडे बाईंचा आवाज.

"मंदार का? मी गिरीशची आई. तीन महिन्यांसाठी आलेय. तो राक्षस करणारे तुम्हीच ना?"

"हो... म्हणजे... हो, काकू."

"रविवारी जेवायला या सगळे. गिरीशला मी सांगते."

आम्ही तिघं बेस्टला गेलो. दार गिरीशनेच उघडलं. "ये," एवढंच म्हणाला, माझ्या बुटांकडे बघत. काकू छोट्याशा, चटपटीत. लगेच अरे-तुरेवर आल्या. थालीपीठं झाली, ताक झालं. मी एकही मत दिलं नाही. सुबोधने दोनदा विचारलं, बरं नाहीये का म्हणून.

जेवणं झाल्यावर काकू सोफ्यावर नीट मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हं, आता तो कर्दमासुर करून दाखव. गिरीश मागे एकदा फोनवर म्हणाला होता, इथे एक जण अजून करतो. तेव्हापासून मला बघायचाय."

"नको हो काकू. पोरांसाठी करतो मी ते. वेडेपणा आहे नुसता."

"अरे, एवढी विमानात बसून आले मी!" त्यांनी अंगावरची शाल काढून माझ्या हातात दिली.

गिरीश उठून आत गेला नाही, ह्या वेळी. तिथेच बसून राहिला.

मी शाल खांद्यावर घेतली. हात वर केले, उजवा पाय फरपटला, "सगळं गिळीन!" म्हणालो. कुणी हसलं नाही. काकू पुढे झुकून बघत होत्या, सुनेच्या हातचा पहिला स्वयंपाक चाखावा तशा.

"छान करतोस रे," त्या म्हणाल्या. "पण पाय चुकतोय. डावा ओढायचे ते. डावा गुडघा गेला होता ना. एकदा तो पोशाख चढवला की खाली बसता यायचं नाही, दिवसभर उभंच. आणि हात एवढे वर नाही जायचे. काथ्या टोचायचा काखेत. घरी आले की मी तेल लावायचे. अंगावर नुसते ओरखडे! गिरीश तेव्हा एवढासा. भ्यायचा त्यांना टीव्हीवर बघून, आणि मग त्यांच्याच मांडीत जाऊन लपायचा."

मी शाल पांघरून तसाच उभा. केतकी सतरंजीकडे बघत होती. गिरीशकडे बघायची माझी छातीच होईना. धरणीने पोटात घेतलं असतं तर मी आनंदाने गेलो असतो.

"काकू, मी..." माझ्या तोंडून पुढे शब्द फुटेना. माझ्या तोंडून!

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "परत कर बघू. डावा."

मी डावा पाय मागे घेतला. समोर कॉफीचं टेबल होतं, जागा कमी पडत होती.

गिरीश उठला. "थांब," म्हणाला. "टेबल सरकवतो."