रांगोळीचा डबा आणि पेट्रोलचा वास

माझ्या नाकाला वास येत नाय. चाळीस वर्षं तपकीर ओढली, नाक बाद झालं. पण संसारात कधी अडलं नाय, कारण बायकोचं नाक लई तिखट. दूध करपलं, वायर जळाली, मी आंघोळ बुडवली, तिला दारातूनच कळायचं. शिमग्याच्या आधी ती गेली आणि घरातलं नाकच गेलं.

म्हणून गाडीला पेट्रोलचा वास मारतोय हे मला कळलंच नाय. सुनेनं सांगितलं.

गाडी म्हणजे गोल दिव्यांची पांढरी, माझ्याहून थोडी लहान. चिकलठाण्याच्या कारखान्यातनं रिटायर झालो तवा साहेबांकडून घेतलेली. दर भाऊबीजेला आम्ही दोघं तिच्यातनं बायकोच्या भावाकडं जायचो, अजिंठ्याजवळ. यंदा त्याचा फोन आला.

"दाजी, ओवाळणारी नाय राहिली. पण गाडी दारात आली पायजे. वेशीतून तिचा हॉर्न ऐकल्याबिगर माझी दिवाळी होत नाय."

मी म्हणलं, येतो.

पोराला ड्युटी. सून म्हणाली, मामांना एकट्याला एवढं लांब सोडणार नाय, मी येते. अन् गाडीत बसली तशी पदर नाकाला लावून खाली उतरली.

"मामा, गाडीत पेट्रोलचा भपका हाय. वास गेला तर बसते. नाय गेला तर आपण एसटीनं जाऊ."

"एसटीनं गेल्यावर हॉर्न तोंडानं वाजवू का?"

"वाजवा. आवाज तसाच आहे तुमचा."

दिवस हातात तीन. मी तिलाच म्हणलं, बाई, जरा हुंगून सांग कुठनं येतोय.

"मी काय कुत्रं हाय का?" म्हणाली, पण हुंगलं. इंजिनापाशी येतोय म्हणाली, सीटला येतोय म्हणाली, मग माझ्याकडं वळून, "तुमच्या सदऱ्यालाबी येतोय." असलं नाक काय कामाचं? बायकोनं बोट ठेवून सांगितलं असतं.

उस्मानपुऱ्यात जुन्या गाड्यांचा एक म्हातारा मेकॅनिक हाय. त्याच्याकडं नेली. त्यानं बॉनेट उघडलं, पंपाचा वायसर बदलला, कार्बोरेटर धुतला. मी विचारलं, गेला का वास?

"चाचा, मेरेकू क्या पूछते? मेरेकू तो बिर्याणीमें बी पेट्रोलच लगता."

म्हणजे दोन म्हातारे, चार नाकपुड्या, आणि एकबी चालू नाय. घरी आणली तर सून लांबूनच म्हणाली, "हाय तसाच."

रात्रभर डोकं चाललं नाय. सकाळी मोरीतल्या पत्र्याच्या टाकीकडं बघितलं अन् आठवलं. ती टाकी झिरपायची, तवा बायको बुडाला कोरडी रांगोळी भुरभुरवायची. जिथं ओली झाली तिथं भोक. तिथं साबण चोपडायची. नाक नसलं तरी डोळे हायेत की माझे!

रांगोळीचा डबा देव्हाऱ्याखाली होता. यंदा दुखवट्याचं वर्ष, दारात रांगोळी नाय, डब्याला कोणी हात लावला नव्हता. झाकण उघडलं तर आत तिच्या बोटांचे खड्डे तसेच. चिमूट तिथनंच घेऊ का बाजूनं, यात माझा अर्धा तास गेला. शेवटी बाजूनं घेतली.

पंपाला टाकली, नळीला टाकली, डिकीत टाकीभोवती टाकली. जालना रोडला एक चक्कर मारून आलो. सगळीकडं कोरडी ठणठणीत. फक्त डिकीत, पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जे जाड रबर येतं, त्याच्या वरच्या बाजूला रांगोळी भिजून काळी पडलेली. मी एकट्यानंच टाळ्या पिटल्या.

मेकॅनिकला दाखवलं. त्यानं रबर वाकवून बघितलं.

"ये तो बहोत पुराना चीर है, चाचा. उप्पर है, टंकी गलेतक भरी तोच टपकता. आप फुल भरते क्या?"

बायको होती तवर टाकी कधी फुल झालीच नाय. पंपावर ती शेजारी बसून पंपवाल्याला म्हणायची, "अर्धीच. फुल केली की हे घरी येत नायत." ती गेल्यावर अडवणारं कोण? मी गळ्यापर्यंत भरायचो अन् विमानतळाच्या भिंतीपाशी विमानं बघत बसायचो. घरी येऊन करायचं काय?

नवं रबर यायला आठवडा लागणार होता. मेकॅनिक म्हणाला, तवर अर्ध्यावरच चालवा, कुछ नै होता. त्यानं अर्धं पेट्रोल काढून पोराच्या मोटारसायकलीत अन् दोन डब्यात भरलं. मी डिकी पुसून काढली, काचा उघड्या टाकून गाडी दिवसभर उन्हात ठेवली.

भाऊबीजेला सून पुढच्या सीटवर येऊन बसली. त्या सीटवर शिमग्यापासून कोणी बसलेलं नव्हतं. तिनं एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं.

"चला," म्हणाली.

वेशीतूनच हॉर्न दाबून धरला. मेव्हणा काठी टेकत बाहेर आला, पुढच्या काळ्या जाळीवर सांडलेले पांढरे ठिपके बघितले अन् म्हणाला, "दाजी, दारात नाय काढली, मग गाडीवर काढली व्हय रांगोळी?" अन् बॉनेटवरनं हात फिरवला.

परतीला शहराच्या अलीकडं पंपावर थांबलो. पंपावरच्या बाईनं विचारलं, "काका, फुल?"

सवयीनं माझी मान हलली होती. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"अर्धीच. फुल केली की हे घरी येत नायत."

मेकॅनिकपाशी झालेलं, अन् बायको पंपावर काय म्हणायची ते, मी सुनेला सांगितलं होतं, तेवढंच. मी झाकणाची किल्ली पंपावरच्या बाईला दिली. म्हणलं, ह्या घरच्या बायका काय मला फिरू देत नायत.