मशीन सगळ्यांची

ती फिर्याद आठवली की आजही मला आधी हसू येते, आणि मग स्वतःची थोडी लाज वाटते. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. सुपेल्याच्या चौकीवर मी नवा फौजदार होतो आणि अंगात भलताच जोर होता.

मरोद्याच्या मजूरवस्तीतला एक गवंडी आला. बायकोची शिलाई मशीन घरातून चोरीला गेली होती. बायको शेजारीच उभी होती, पण रडत नव्हती. पोटाचे साधन गेलेली बाई इतकी शांत राहत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. मी पंचनाम्याच्या घाईत होतो.

चार दिवसांनी खबऱ्याने सांगितले, मशीन वस्तीतल्या मावशीकडे आहे. ही म्हातारी तिथल्या बायकांची भिशी चालवायची. झडतीत गोधडीखाली मशीन सापडली. सुईखाली अर्धवट पोलके होते, लाल दोऱ्याचे. गवंड्याची बायको धावत आली, तर तिच्या पदरालाही तोच लाल दोरा! चोरीच्या मशीनवर मालकीणच रोज शिवत होती.

मावशीला चौकीवर आणून मी दरडावले, "मशीन का चोरलीत?"

"चोरली नाही जी, वाचवली. हिचा नवरा सायकलीसाठी विकून राहिला होता. हिले भिशी लागली, त्या पैशाची मशीन हाय ते. सगळ्यायची पाळी होईपर्यंत मशीन सगळ्यायची, असा आमचा नेम हाय. ते गेली तं बाकीच्या बायायनं कोनाच्या भरोशावर पैसे टाकाव?"

"मग चौकीवर का नाही आलात?"

"तुमी आमचं आयकलं असतं, साहेब?"

मी दाराबाहेर पाहिले. बाहेर व्हरांड्यात भिशीतल्या साऱ्याजणी ठाण मांडून बसल्या होत्या. मावशीला कोंडणार असाल तर आम्हालाही कोंडा, म्हणत होत्या. गवंडी खाली मान घालून पुटपुटला, "मले हे मालूमच नोयतं, साहेब." गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून मी प्रकरण निकाली काढले आणि साऱ्याजणींचे अंगठे घेऊन मशीन त्यांच्याच ताब्यात दिली.

तारण ठेवायला त्या बायकांकडे फुटका मणीही नव्हता. कुठल्याही बँकेने त्यांना दारात उभे केले नसते. त्यांनी एकमेकींवर भरवसा ठेवून धंदा उभारला होता, आणि मी त्यालाच बेड्या घालायला निघालो होतो. कायदा मी पुस्तकातून शिकलो. मालकी म्हणजे काय, ते मावशीने शिकवले.

पुढे एकदा सुपेल्याच्या बाजारात तोच गवंडी दिसला. नवी कोरी सायकल, मागे शिवलेल्या पोलक्यांचा गठ्ठा. मी मुद्दाम अडवून दरडावले, "सायकल कुणाची रे?"

तो खाली उतरून हसला. "बायकोले दुसऱ्यांदा भिशी लागली, साहेब. पन सध्या सगळ्यायची हाय."