साकेलारीसचे ताठ पाय

ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरचा साकेलारीस स्पंज काढायला खोल समुद्रात उतरायचा. एकदा घाईघाईने वर आला आणि कण्याला कायमची इजा झाली. पाय लाकडासारखे ताठले, मधूनच आपोआप थरथरू लागले. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी ते वळायला लागले खरे, पण इतके सैल पडले की उभं राहताच गुडघे दुमडायचे. शिवाय दिवसभर डोळ्यांवर झापड.

ईस्टरच्या नाचात उभं राहायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं आणि कुणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या.

दोन-तीन दिवसांत अंगभर खाज सुटली, ताप चढला, पाय पोटाशी आवळले गेले. "थेमेलिना, कपाटावरची बकरी हाकल आधी!" तो बायकोवर ओरडला. कपाटावर काहीच नव्हतं. तिने त्याला तडक इस्पितळात नेलं.

डॉक्टर कालियोपीने गोळ्या लगेच पुन्हा चालू केल्या. तो भानावर आल्यावर ती म्हणाली, "काका, खोल पाण्यातून एकदम वर आलं की काय होतं, हे मी तुम्हाला सांगू?"

"नको गं बाई."

"मग या गोळ्यांतूनही थांबत थांबत वर यायचं. आणि सगळा ताठपणा घालवायचा नाही. थोड्याशा ताठपणावरच तुम्ही उभे राहता. तो नेमका किती, ते शोधू."

गोळी जराशी कमी करायची, मग काही आठवडे वाट पाहायची. रोज सकाळी थेमेलिना त्याचे पाय ताणून द्यायची. थंडीत पाय फार आवळले, तेव्हा डॉक्टरने मात्रा पुन्हा थोडी वाढवली.

"परत खाली ढकलताय होय मला?" तो कुरकुरला.

"गप रे! बुडी मारताना कधी मला विचारलंस?" थेमेलिना म्हणाली.

वसंत आला तोवर मात्रा अगदी थोडी उरली होती. पाय ताठ होते, पण त्याचं ऐकत होते.

बेटावरच्या एका नाचात पुढचा गडी काठी टेकत, समुद्राने अधू केलेल्या पाणबुड्यासारखा थरथरतो. तरणी पोरं दरवर्षी ती नक्कल करतात. त्या ईस्टरला साकेलारीसने पुढची जागा मागितली.

"काका, धरू का?" एका पोराने विचारलं.

"धरता कशाला? मागून या!"

व्हायोलिन सुरू झालं. त्याचा पाय खरोखरच थरथरला. त्याने काठीवर भार दिला, थरथर ओसरू दिली आणि पुढचं पाऊल टाकलं. अख्खं रिंगण त्याच्यामागे फिरलं. थेमेलिना टाळ्या पिटत ओरडली, "बघा गं, माझा नवरा बघा!"

फेरी संपली. पोरांनी खुर्ची आणली. घामाने निथळणाऱ्या साकेलारीसने ती काठीने बाजूला सारली.

"वाजवा रे पुन्हा!"